पाठकोऱ्या कागदावरचा सिरिल

इंग्लंडातल्या लडलो गावात मिस हॅना प्रोबर्टला लोक तऱ्हेवाईक म्हणत. मी तिच्या शेजारच्या टेबलावर एकवीस वर्षं काढली, आणि मला कुणी विचारलं तर मीही तेच सांगे. तऱ्हेवाईक म्हटलं की पुढचे प्रश्न येत नाहीत. खरी गोष्ट सांगायची तर मलाही माझा भाग सांगावा लागला असता, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

आमचं इंग्रजी शब्दकोशाचं काम बियाण्याच्या दुकानावरच्या दोन लांबट खोल्यांत चाले. गावोगावचे हौशी वाचक, म्हणजे पाद्री, निवृत्त मास्तर, अंथरुणाला खिळलेल्या बायका, जुन्या-नव्या पुस्तकांतून एकेका शब्दाचे उतारे काढून चिठ्ठ्यांवर लिहून पाठवत. एका चिठ्ठीवर एक उतारा. त्या चिठ्ठ्यांच्या अर्थाप्रमाणे गड्ड्या लावायच्या, हे मिस प्रोबर्टचं काम. गड्ड्यांवरून व्याख्या लिहायच्या, हे आमचे संपादक डॉक्टर लॅथम यांचं. आणि निवडलेल्या चिठ्ठ्या मोठ्या कागदावर खळीने चिकटवून छापखान्याची प्रत तयार करायची, हे माझं. नवरा गेल्यावर मला जमण्यासारखं तेवढंच होतं. हात स्वच्छ आणि तोंड बंद ठेवता येत होतं.

लढाईत कागद मिळेनासा झाला तेव्हा डॉक्टर लॅथमनी फर्मान काढलं की दर सोमवारी प्रत्येकाने घरून पाठकोरा कागद आणायचा. दाराशी वेताची मोठी पाटी ठेवलेली असे. मिस्टर टज नावाचे एक म्हातारे, डोळ्यांनी अधू, पाटीतलं सगळं पात्याखाली घालून चिठ्ठ्यांच्या मापाचं कापत आणि शंभरशंभराचे गठ्ठे बांधून वाचकांना टपालाने पाठवत. त्यामुळे आमच्या चिठ्ठ्यांना एक पुढची बाजू असे आणि एक मागची. पुढे उतारा, मागे कुणाचं प्रवचन, कुणाची बियाण्यांची जाहिरात, क्वचित कुणाचं प्रेमपत्र. मागची बाजू वाचायची नाही, असं कुणी कधी सांगितलं नव्हतं, पण आम्ही ते पाळत होतो. दुसऱ्याच्या खिडकीतून आत बघू नये, तसं ते होतं.

मिस प्रोबर्टने ते पाळायचं सोडलं, त्याला कारण तिचा भाऊ सिरिल.

सिरिल तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून त्याला वाढवलं हिनेच. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला नोकरीला चिकटवण्यापर्यंत सगळं हिने केलं, आणि ते ती त्याला विसरू देत नसे. एकोणीसशे सतरा सालच्या वसंतात त्यांचे वडील अंथरुणावर होते आणि 'सिरिल आला का' एवढंच विचारत होते. सिरिलला फ्रान्समधल्या आघाडीवरून आठ दिवसांची रजा मिळाली. तो इंग्लंडला आला आणि ब्रिस्टलला एका बाईकडे जाऊन राहिला. वडील गेले. हे नंतर हॅनाला कळलं तेव्हा तिने डोक्यात राख घालून घेतली. 'या दाराशी पुन्हा पाऊल ठेवू नकोस,' असं तिने त्याला लिहिलं. त्याची दोन पत्रं आली, ती तिने चुलीत घातली. तिसरं ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलं. तेही तिने फोडलं नाही. पण आता कागदाची टंचाई होती आणि बाई काटकसरी. सोमवारी सकाळी तिने ते लिफाफ्यासकट पाटीत टाकलं.

मी बघत होते. मी म्हटलं, "अहो, हे बंदच आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पाठकोरंच आहे. तो एका बाजूलाच लिहितो. पहिल्यापासून उधळ्या."

दुसऱ्याच्या घरचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा.

ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेला सिरिल मारला गेला. तार आली ती महिना संपता संपता. ती तार हातात घेऊन मिस प्रोबर्ट घरून कचेरीपर्यंत डोक्यावर टोपी न घालता आली, आणि आमच्याकडे त्या काळी ते कपड्यांशिवाय येण्यासारखंच होतं. ती सरळ मिस्टर टजच्या टेबलाशी गेली.

"आठ तारखेच्या सोमवारचे कागद?"

"कापले की, बाई. तेव्हाच कापले."

"कुठे आहेत?"

"गेले. तेवीस ठिकाणी गेले." म्हाताऱ्याला काही उमगत नव्हतं. "का, काही राहिलं होतं का त्यात?"

त्या आठवड्याचे सगळे गठ्ठे एकाच शब्दासाठी पाठवले होते. शब्द म्हणजे इंग्रजीतला 'सेट'. एवढासा, शेंबड्या पोराच्याही तोंडात असलेला. पण आमच्या धंद्यात त्याच्याइतका खवीस दुसरा नाही. सूर्य मावळतो तो हाच, मोडलेलं हाड बसवतात ते याच शब्दाने, कोंबडी अंड्यांवर बसवतात, सापळा लावतात, जेवणाचं टेबल मांडतात, वस्तऱ्याला धार लावतात, अंगठीत खडा जडवतात, गाण्याला चाल लावतात, झाडाचा मोहर गळून फळ धरतं, आणि कुत्रा सावज दिसताच जागच्या जागी थिजतो, तेही सगळं यातच. कोशकार म्हणवणारी भलीभली माणसं त्या शब्दाचं नाव काढलं की खोकायला लागत. त्याचा नामाचा भाग आमच्या आधीच्या एका गृहस्थांनी सुरू केला होता. अठरा साली तो संपला आणि त्यांनी राजीनामा दिला. क्रियापद तसंच पडून राहिलं.

ते मिस प्रोबर्टने मागून घेतलं. डॉक्टर लॅथमना वाटलं, भावाच्या दुःखात बाईला कामात बुडायचं आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. टपालाची थैली उघडून ती एकेक चिठ्ठी उचलायची, आणि पुढची बाजू वाचायच्या आधी उलटी करायची.

तेवीस वाचकांना तिने पत्रं घातली, उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या परत पाठवा म्हणून. बहुतेकांनी कळवलं की वाचन चालू आहे, गठ्ठा भरला की पाठवू. एक पाद्री रागावले. दोघांनी उत्तरच दिलं नाही. ही फुकट काम करणारी माणसं, त्यांना कोण काय बोलणार? कुणी वर्षाने पाठवी, कुणी चार वर्षांनी. एकाच्या चिठ्ठ्या त्याच्या मरणानंतर त्याच्या विधवेने एका चहाच्या डब्यातून पाठवल्या.

पहिला तुकडा एकोणीस सालच्या मार्चमध्ये आला. पुढे कुणा वैद्याच्या पुस्तकातला हाड बसवण्याचा उतारा. मागे शिसपेन्सिलीने सिरिलचं अक्षर. मिस प्रोबर्टने तो माझ्यापुढे सरकवला. मी वाचलं.

'...शेतकऱ्याची एक कोंबडी आहे इथे. तोफा चालू असल्या तरी अंड्यांवरून उठत नाही आणि जवळ गेलं की टोचते. मला तुझीच आठवण येते. हसलीस तर...'

तिथे पातं फिरलं होतं.

"हसले असते का हो मी?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. मी खोटं बोलायला तेव्हा अजून शिकले नव्हते.

दोन कागद होते आणि प्रत्येकाचे आडवे चार तुकडे झाले होते. पुढच्या पाच वर्षांत त्या आठातले सात आले. तेही वाट्टेल त्या क्रमाने. कधी दुसरा, कधी सहावा. मधली वर्षं कोरडी जात. एखाद्या दिवशी सकाळी मी आले की तिच्या चेहऱ्यावरून कळायचं की काल संध्याकाळच्या टपालात सिरिल आला होता. त्या तुकड्यांवर ओल्या बुटांबद्दल होतं, वडिलांबद्दल होतं. ब्रिस्टलच्या त्या बाईबद्दल दोन ओळी होत्या: ती दुसऱ्या कुणाची तरी विधवा होती आणि सिरिलने तिच्या नवऱ्याला मरताना वचन दिलं होतं. मिस प्रोबर्टने तो तुकडा वाचला त्या दिवशी ती डबा न उघडता परत घेऊन गेली.

मला त्या खोलीत बसायची भीती वाटू लागली होती, हे कबूल करते. मेलेला माणूस अर्धं वाक्य बोलून गप्प होतो आणि उरलेलं अर्धं दोन वर्षांनी डेव्हनमधून येतं. चार माणसं जेवायला बसावीत आणि पाचवी खुर्ची कुणीच हलवू नये, तसा तो आमच्यात असायचा. तिची सवय मलाही लागली. मी वाण्याकडून आलेली पुडी उलटून बघायची. चर्चमध्ये प्रार्थनेचा कागद उलटून बघायची.

सातवा तुकडा चोवीस साली आला. तोच सगळ्यात वाईट. त्याची शेवटची ओळ अशी होती: 'आता कामाचं सांगतो. या महिन्यात मला'.

बस्स. पुढे पातं.

या महिन्यात मला काय? बढती? बदली? ती ते वाक्य पुटपुटायची. जिन्यावर, हात धुताना. तिला स्वतःला ते कळत नसे. खालचा बियाण्याचा दुकानदार एकदा मला म्हणाला, "तुमच्या त्या बाईंना या महिन्यात काय हवं असतं हो? दर महिन्याला तेच म्हणतात."

आणि शब्द तर संपत आला होता. गड्ड्या लागल्या होत्या, व्याख्या झाल्या होत्या, छापखान्याकडून तगादा सुरू झाला होता. एकदा प्रत गेली की उरल्यासुरल्या चिठ्ठ्या कुणी पाठवल्या तरी त्या न उघडता जाळायच्या, असा नियम होता. दोन वाचकांचे गठ्ठे अजून यायचे होते. तेव्हा मिस प्रोबर्टने जे केलं ते आमच्या धंद्यातलं माणूसच करू जाणे. तिने अर्थ फोडायला सुरुवात केली.

म्हणजे काय, तर जेली घट्ट होते हा एक अर्थ. तिने त्याचे पाच केले. जेलीचं वेगळं, चुन्याचं वेगळं, सरसाचं वेगळं, रक्ताचं वेगळं, रागाने चेहरा घट्ट होतो ते वेगळं. प्रत्येक नव्या अर्थाला नवे उतारे हवेत, म्हणून वाचकांना पुन्हा पत्रं, म्हणजे आणखी सहा महिने.

डॉक्टर लॅथम गरीब माणूस, पण तेही चिडले. "मिस प्रोबर्ट, जेली घट्ट होणं आणि सरस घट्ट होणं यांत फरक काय आहे?"

"दोन्ही चाखून बघा, डॉक्टर."

"परवा सापळा लावण्याचे तीन केलेत तुम्ही."

"उंदीर, कोल्हा आणि माणूस. तिघांचे सापळे एक आहेत का?"

मला हसू यायचं. ती वाद घालून जिंकायची, कारण तिच्याइतका तो शब्द कुणालाच ठाऊक नव्हता. आज आमचा कोश उघडून बघा. त्या क्रियापदाचे दोनशे अकरा अर्थ दिले आहेत. विद्वान लोक त्याची तारीफ करतात, काय बारकाई म्हणून. त्यातले निदान तीस तरी एका बाईने कागदाच्या तुकड्याची वाट बघत काढलेले दिवस आहेत.

सव्वीस सालच्या जूनमध्ये ते उरलेले दोन गठ्ठेही आले. दोन्हींत काही नव्हतं. तिने दोनशे चिठ्ठ्या उलटल्या, पुन्हा सुलट्या केल्या, पुन्हा उलटल्या.

त्याच आठवड्यात डॉक्टर लॅथमनी मला नामाच्या भागातला एक उतारा ताडून बघायला सांगितला. अठरा साली मी चिकटवलेले ते मोठे कागद छापखान्यातून परत येऊन आमच्याच कपाटात पडले होते. मी एक कागद काढून खिडकीशी धरला. उजेड आरपार आला आणि एका चिठ्ठीच्या शाईच्या अक्षरांमधून उलटी शिसपेन्सिल दिसली.

मी खाली फरशीवर बसले. ती चिठ्ठी सगळ्यात आधी आली होती, पण नामाची म्हणून टपालातून थेट त्या राजीनामा दिलेल्या गृहस्थांकडे आणि तिथून माझ्याकडे. ती आली तेव्हा मिस प्रोबर्ट माझ्यापासून दोन हातांवर बसली होती, रोज येणारी चिठ्ठी उलटून बघत होती, आणि मी, नियम पाळणारी, न उलटता ती चिठ्ठी कागदावरच्या खळीवर दाबून बसवत होते. आठ वर्षं तो तिच्या पाठीमागच्या कपाटात होता.

मी तो कागद पिशवीत घालून घरी नेला. रविवारी दुपारी सुपाच्या पसरट ताटलीत कोमट पाणी घेतलं आणि ती चिठ्ठी भिजत घातली. उताऱ्याची शाई निळी होऊन वाहून गेली. शिसपेन्सिलीला पाण्याने काही होत नाही. खळ सुटली तसं अक्षर अगदी काल लिहिल्यासारखं वर आलं.

'दहा दिवसांची रजा मिळण्यासारखी आहे. घरी यावंसं वाटतं. तू रागावलीस ते बरोबर होतं, मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. माझा तुझ्यावर काही राग नाही. वीस तारखेपर्यंत तुझी एक ओळ आली तर बावीसला निघेन. नाही आली तर माझी पाळी लुईसला देईन, त्याला लेकरं आहेत. तू त्रास करून घेऊ नकोस. सिरिल.'

बावीसला निघेन. पंचवीसला तो मेला.

मी तो तुकडा चुलीसमोरच्या दोरीवर वाळत घातला आणि त्याच्याकडे बघत बसले. जाळून टाकावा असं वाटलं. पण 'या महिन्यात मला' हे तिचं पुटपुटणं माझ्या कानांतून जाईना. ते ऐकत मरण्यापेक्षा काहीतरी देणं भाग होतं. शेवटी मी कात्री घेतली. 'माझा तुझ्यावर काही राग नाही' याच्या खाली, ओळीला धरून, सरळ कापलं. मला कापता चांगलं येतं.

सोमवारी सकाळी मी तो तिच्या हातात दिला. कुठे सापडला, ते खरं सांगितलं. मी चिकटवला होता, तेही सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग तिचा अंगठा चिठ्ठीच्या खालच्या कडेवरून फिरला.

इतकी वर्षं चिठ्ठ्या हाताळलेली बाई ती. दोन केस कमी-जास्त असलेली चिठ्ठी तिला डोळे मिटून कळायची. अंगठा एकदा गेला, परत आला आणि थांबला.

"सही नाही," ती म्हणाली.

"खळीत गेली. भिजवताना खालच्या भागाचा लगदा झाला."

"अच्छा," ती म्हणाली. "राग नव्हता त्याला."

"नव्हता."

"आभारी आहे, मिसेस गिटिन्स."

त्याच शुक्रवारी तिने शब्द छापखान्याकडे दिला. त्यानंतर ती बारा वर्षं जगली, पैकी नऊ वर्षं माझ्या शेजारी बसून. तिने पुन्हा कधी चिठ्ठी उलटी केली नाही. आलेलं प्रत्येक पत्र मात्र उंबऱ्यात उभी राहूनच फोडायची, साबणाची जाहिरात असली तरी. लोक हसायचे. मी नाही हसले. रविवारी ती माझ्याकडे सशाचं मटण खायला यायची, आणि आम्ही हवेबद्दल, नव्या पाद्र्याच्या खोकल्याबद्दल बोलायचो. ती कापलेली पट्टी त्याच खोलीत, माझ्या शिवणाच्या पेटीत असायची. ती समोर बसलेली असताना मला पेटी उघडवत नसे. फाटलेले मोजे आठवडाभर तसेच राहत.

अडतीस सालच्या फेब्रुवारीत तिच्या फुप्फुसांत पाणी झालं. एका सकाळी मी तिच्या उशाशी बसून तिला दूध देत होते. ऊन चांगलं पडलं होतं. तिने दोन घोट घेतले आणि कप बाजूला सारला.

"त्या चिठ्ठीची खालची पट्टी तुमच्याकडे आहे ना?"

मी कप खाली ठेवला. नाही म्हणणं हा तिचा अपमान झाला असता. "आहे," मी म्हटलं.

"रजा कधीपासून होती, ते त्यात असेल."

"आहे."

"कधीपासून?"

"तीस तारखेपासून," मी म्हटलं. "तीस ऑक्टोबर. म्हणजे तुम्ही लगेच उत्तर दिलं असतंत तरीसुद्धा, हॅना, तो पंचवीसला..." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला नावाने हाक मारली होती.

ती छताकडे बघत राहिली. श्वास घेताना तिच्या छातीत घरघर होत होती. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता.

"इतकी वर्षं शेजारी बसलात," ती म्हणाली. "तुम्हाला स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा वहीत बघावी लागते. ही कशी पटकन सांगितलीत?"

मला रडू आवरेना. तिने पांघरुणातून हात काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला.

"असू दे," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर तीसच सांगा."